पंचेचाळीस तासांचा दिवस

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाट आणि पूर्व टोकाला आणे. एका अंगाला नाणे, दुसऱ्या अंगाला आणे आणि मधला अख्खा तालुका हिशोबात बुडालेला. नाणेघाटाच्या गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे. कुठल्या यज्ञात किती गाई दिल्या, किती कार्षापण वाटले, त्याचे आकडे दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरून ठेवलेत. भारतातल्या जुन्यात जुन्या अंकांत त्यांची गणना होते. माहिती सादर करण्याची आमच्या तालुक्याची परंपरा इतकी प्राचीन आहे. राणीचं नशीब असं की, ‘सदर आकडेवारी दुरुस्त करून फेरसादर करावी’ असं तिला कोणी कळवलं नाही.

मला कळवलं. दोनदा.

मी विशेष शिक्षक. रस्त्यात कोणी ‘काय विशेष?’ म्हणून विचारलं की आधी मला वाटायचं, हा माझा हुद्दा विचारतोय. समग्र शिक्षा योजनेत कंत्राटी, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेला, वय वर्षं पंचेचाळीस. (हा आकडा लक्षात ठेवा. तो पुढे माझी पाठ सोडत नाही.) आण्याचं पठार आणि घाटाखालचा थोडा भाग मिळून अकरा शाळा माझ्याकडे, आणि त्या अकरा शाळांत मिळून सव्वीस दिव्यांग पोरं. सगळी प्राथमिकची. त्यातली तिघं शाळेत येऊच शकत नाहीत. त्यांच्या घरी मी जायचं. कायद्यात त्याला गृहाधारित शिक्षण म्हणतात आणि 2012 च्या दुरुस्तीपासून शिक्षण हक्क कायद्यात त्याची सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सांगितलंय की प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. त्या हिशोबाने मी एकटा अडीच माणसांहून अधिक भरतो. घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, “जेवताना भरता खरं.”

माझा रस्ता कल्याण-नगर. आळेफाटा सोडला की आळे, तिथे ज्ञानेश्वर महाराजांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी. जाता-येता मी हात जोडतो. ती आमच्या धंद्यातली पहिली एकास-एक शिकवणी असं मी मानतो, आणि तिला किती मिनिटं लागली याची नोंद कुणी मागितली नाही याचा हेवाही करतो. मग बेल्हे, सोमवारी तिथे बैलबाजार, म्हणून सोमवारी निम्मी पोरं शाळेत नसतात. मग गुळुंचवाडीचा तो दगडाचा नैसर्गिक पूल, घाट, आणि वर पठार. पाऊस बेताचा, वारा बेसुमार. बाजरी, कांदा, शेततळी आणि टँकर. संध्याकाळी बिबट्याच्या भीतीने पोरं आणि मास्तर दोघंही उजेडात घरी पोचायला बघतात. मोटारसायकलवर बसून मणका किती आखडला हे सांगणारा रकाना अजून कुठल्या नमुन्यात आलेला नाही.

तर एका बुधवारी दुपारी तीन चाळीसला मोबाईलवर नमुना आला. ‘विद्यार्थिनिहाय विशेष सहाय्याचा साप्ताहिक कालावधी. अतितातडीचे. आजच पाच वाजेपर्यंत. माहिती निरंक असल्यास निरंक असे कळवावे.’ मी तेव्हा पठारावर एका शाळेच्या व्हरांड्यात होतो आणि चौथीतल्या एका पोराला घड्याळ शिकवत होतो. पुठ्ठ्याचं घड्याळ, टाचणीवर फिरणारे काटे. मोठा काटा सहावर आला की साडे, नवावर आला की पावणे, असं चाललेलं. काटे त्याच्या हातात ठेवून मी आकडे भरायला बसलो. मास्तर आणि विद्यार्थी दोघंही वेळ शिकतायत, असं ते दृश्य होतं. फक्त त्याच्याकडे शिकवायला मी होतो.

माझं एक सत्र पंचेचाळीस मिनिटांचं. आठवड्याला तीस सत्रं. नमुन्यात रकाना होता ‘कालावधी (तास)’. मी विचार केला, पंचेचाळीस मिनिटं म्हणजे तासाच्या आतली गोष्ट, म्हणजे शून्य दशांश पंचेचाळीस. 0.45. तीस वेळा 0.45. शीटने बेरीज आपोआप केली : 13.50. तेरा तास पन्नास मिनिटं! मला वाटलं, बरंच काम करतो की आपण. चार वाजून बावन्न मिनिटांनी सादर केलं आणि अंगठा उंचावलेलं चित्र पाठवलं.

इथे वाचकांपैकी ज्यांना गणित येतं ते हसले असतील. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मीही त्यांच्यातलाच. 0.45 तास म्हणजे सत्तावीस मिनिटं. प्रत्येक सत्रामागे अठरा मिनिटं मी स्वतःच्या हाताने गिळली. तीस सत्रांची मिळून नऊ तास. शिकवले साडेबावीस, दाखवले साडेतेरा. आणि गंमत पुढे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत. त्यातल्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेत गणन अक्षमता येते. ज्या पोराला आकड्यांची जागा कळत नाही, तासाची मिनिटं होताना जो गोंधळतो, त्याला ओळखून काढण्याचा मी पगार घेतो.

चार दिवसांनी कार्यालयाचं पत्र. आपला कालावधी तालुक्यात सर्वांत कमी असल्याचे निदर्शनास आले असून याबाबतचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. पत्रात चूक काहीच नव्हती. मी दिलेला आकडाच त्यांनी मला परत पाठवला होता. पण मला राग आला, आणि रागाला गणिताची गरज नसते. मी ठरवलं, आता मिनिट-मिनिट मोजायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचा आठवडा किमान पंचेचाळीस तासांचा धरलाय, तयारी धरून. पहिली ते पाचवीचं वर्ष दोनशे दिवसांचं आणि आठशे तासांचं. कायदा तासांत बोलतो तर आपण सेकंदांत बोलू. आमच्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटीची दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. कुठल्या तरी मेलेल्या ताऱ्याचे ठोके तिथे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत मोजतात. मग मला एका चौथीच्या पोराची पाऊणशी मिनिटं मोजता येऊ नयेत?

(‘पाऊणशे’ म्हणजे पंचाहत्तर, हे छापण्याआधी लक्षात आलंय. पण वरचं वाक्य तसंच ठेवतो. खुलाशासोबत पुरावा जोडावा लागतो.)

नारायणगावातून मी स्टॉपवॉच घेतलं, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. पहिल्या दिवशी फार शिस्तीत चाललं. पोरगी समोर बसली की कट्, उठली की कट्. ती पाणी प्यायला गेली, कट्. परत आली, कट्. तिने शिंक दिली तेव्हा माझा अंगठा नुसता थरथरला. दुसऱ्या दिवसापासून पोरांच्या ध्यानात आलं की हे यंत्र दाबलं की गुरुजी शिकवतात आणि पुन्हा दाबलं की गप्प होतात. घड्याळवाल्या पोराने तर दर दोन मिनिटांनी विचारायला सुरुवात केली, “गुरुजी, आता चालू हाय का बंद?” बंद आहे म्हटलं की तो मोकळा होऊन गप्पा मारायचा. आण्याच्या यात्रेला आजीबरोबर भाकरी घेऊन गेलो, रंगदास स्वामींच्या आमटीची कढई केवढी, आपल्या वाडीतून किती भाकरी गेल्या, हे सगळं तो बंदमध्येच सांगायचा. एकदा शंभराच्या वर मोजून दाखवल्या त्याने भाकरी. विसापुढे त्याला येत नाही असं माझ्या वहीत लिहिलेलं होतं. पण स्टॉपवॉच बंद होतं, त्यामुळे ते शिक्षण धरता आलं नाही.

सोमवारी मी ते त्याच्या हातात दिलं, तेवढंच त्याला चालू-बंद कळेल म्हणून. आणि गडबडीत तिथेच विसरलो. गुरुवारी परत मिळालं तेव्हा ते चालूच होतं. आकडा एकोणीस तास सात मिनिटं. चोवीस तास झाले की ते यंत्र पुन्हा शून्यापासून मोजतं, तेव्हा मधे किती आवर्तनं झाली देव जाणे. पोरगा अभिमानाने म्हणाला, “म्या एकदाबी बंद केलं न्हाई, गुरुजी.”

त्या रात्री अमेरिकेतल्या भाचीला फोन केला. ती तिकडे शाळेत विशेष शिक्षिका आहे. म्हटलं, तुमच्याकडे काय करतात? ती म्हणाली, “मामा, आमच्याकडे तर ह्याचंच खातं आहे.” 1975 साली त्यांचा कायदा झाला. प्रत्येक दिव्यांग मुलाचा लेखी आराखडा असतो आणि कुठली सेवा, आठवड्याला किती मिनिटं, कुठे, हे त्यात लिहावं लागतं. शिवाय मुलाचा शाळेतला किती वेळ सर्वसाधारण वर्गात गेला याची टक्केवारी काढून सरकारला द्यायची. तीन खोकी : ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त, चाळीस ते एकोणऐंशी, आणि चाळीसच्या खाली. मी माझ्या सगळ्या शंका तिच्यापुढे ओतल्या. लघवीला गेला तो वेळ? रडला तो? मधली सुट्टी?

“मधली सुट्टी धरायची. जेवणसुद्धा. सगळ्यांबरोबर जेवतोय ना, मग तो सगळ्यांबरोबरचा वेळ.”

मला एकदम खिचडीचा वास आला. आमचा घड्याळवाला पोरगा पोषण आहाराच्या रांगेत ताटं वाटतो, मोजून. तेही खात्यात धरायचं म्हणजे भलतंच झालं. मग तिने एक गोष्ट सांगितली ती मला तेव्हा कळली नाही. मी तिला सांगत होतो की माझी मिनिटं वाढवून दाखवायचीत. ती म्हणाली, “मामा, तू त्याला वर्गाबाहेर काढून शिकवलंस तर तुझं एक मिनिट वाढलं की त्याचं वर्गातलं एक मिनिट कमी होतं. तुझी टक्केवारी चढली की त्याची उतरते.” मी म्हटलं, बरं, आणि आत्याला नमस्कार सांग. फोन ठेवल्यावर आठवलं, तिची आत्या म्हणजे माझी कोणीच नाही.

पुढच्या आठवड्यात सुधारित नमुना आला. बहुतेक माझ्यासारख्यांच्या कृपेनेच सुधारित. आता एका सत्राच्या तासांचा रकाना, शेजारी आपोआप भरणारा मिनिटांचा, आणि शेवटी ‘सर्वसाधारण वर्गातील दैनिक वेळेचे शेकडा प्रमाण’, तोही आपोआप. दशांश चिन्हाने मागच्या वेळी मला फसवलं होतं, त्यामुळे ह्यावेळी ते वापरायचंच नाही असं मी मनाशी पक्कं केलं होतं. तासांच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात भरलं : 45. सव्वीस पोरांना. सादर.

दुसऱ्या दिवशी फोन. कार्यालयातल्या मॅडम मुळात सौम्य बोलतात, त्या दिवशी जास्तच सौम्य.

“सर, एक विचारायचं होतं. पठारावर दिवस किती तासांचा असतो?”

“म्हणजे?”

“नाही, तुम्ही एका मुलाला एका दिवसात पंचेचाळीस तास शिकवताय. शाळा तीनशे नव्वद मिनिटांची, तुमचं सहाय्य दोन हजार सातशे मिनिटांचं. मुलाची वर्गातली उपस्थिती उणे पाचशे ब्याण्णव दशांश एकतीस टक्के आली आहे. सव्वीसच्या सव्वीस.”

उणे पाचशे ब्याण्णव टक्के. भाचीच्या तिन्ही खोक्यांत न बसणारं पोर मी तयार केलं होतं. असं पोर वर्गात नसतंच. वर्गात बसलेल्या बाकीच्यांनाही बाहेर घेऊन जातं.

“दुरुस्त करून पाठवतो,” म्हटलं.

“पाच वाजेपर्यंत,” त्या म्हणाल्या. फोन ठेवताना त्यांच्या मागे कोणीतरी हसलं. मी असतो तर मीही हसलो असतो.

त्या दिवशी माझी गृहभेट होती. पठाराच्या कडेला वस्तीवर एक पोरगा आहे, अकरा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी. मान सावरते, हात फार थोडा उघडतो, बोलतो डोळ्यांनी. आई-बाप कांद्यात, म्हणून त्याच्याजवळ आजी. मी त्याचे हात-पाय मोकळे करतो, चित्रांचे तक्ते दाखवतो, तो डोळ्याने ‘हे’ सांगतो. त्या दिवशी तो काम करत होता आणि मी एकीकडे त्याच्याशी खेळत दुसरीकडे मोबाईलवर गुणाकार करत होतो. आजीने पाहिलं.

“काय मांडलंय मास्तर?”

“आजी, पंचेचाळीस मिनिटं तीस वेळा. तास किती होतात ते बघतोय.”

आजी चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, “पाऊण तास म्हन की. तीस पाऊण साडेबावीस.”

नुसतं असं. लाकूड ओढायला लागला तेवढा वेळ. आजी चौथीपर्यंत शिकलेली, एकोणीसशे सत्तावन्नला नवे पैसे आले तेव्हा तिसरीत होती. शाळेत सोळा आण्यांचा रुपया शिकली आणि बाजारात शंभर पैशांचा वापरला. आमच्या मराठीत अपूर्णांकांचे पाढे होते, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकीसुद्धा, साडेतीनची. ते तिच्या पिढीला पाठ. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. मी हे पुस्तकात वाचलंय, ‘पारंपरिक गणन पद्धती’ म्हणून परीक्षेत लिहिलंय, आणि आयुष्यात एकदाही वापरलेलं नाही. माझ्या भाषेत पंचेचाळीस मिनिटांना स्वतंत्र शब्द आहे, त्याचा अख्खा पाढा आहे, आणि मी मात्र दशांश चिन्हाच्या आधी काय लिहायचं आणि नंतर काय, यावरून महिनाभरात दोनदा तोंडावर आपटलो.

मी टाईप केलं : प्रत्येक पोराला 0.75, आठवड्याची बेरीज 22.5. सादर. चार वाजून दहा मिनिटं.

आता मी सुटलो असं मला वाटलं. आजीला तसं वाटलं नव्हतं. तिने खुंटीवरचं कालनिर्णय काढून आणलं. त्यात दुधाचा हिशोब, डाव्या कोपऱ्यात लीटर, उजव्या कोपऱ्यात फॅट. आणि काही मंगळवारांवर लाल पेन्सिलीची उभी रेघ.

“ह्या रेघा तुम्ही आला त्याच्या. आन् हे मोकळं मंगळवार.” मोकळे चार होते. एक मोजमाप शिबिराचा, एक प्रशिक्षणाचा, आणि दोन, आजी म्हणाली, “तुम्ही फोन केला व्हता, कसलं तरी कागद भरायचंय म्हून.” आजीने बोट फिरवलं. “चार पाऊण तीन. तीन तास देनं लागता ह्याचं.”

भाचीचं वाक्य मला त्या क्षणी कळलं, मोटारसायकलच्या चेनमध्ये पँट अडकल्यावर आपण चालत नव्हतो हे कळावं तसं. तिकडे आराखड्यात लिहिलेली मिनिटं शाळेने बुडवली तर ती भरून द्यायची वेळ शाळेवर येऊ शकते. कारण ती मिनिटं मुलाच्या नावावर असतात. मी सगळा महिना मिनिटं माझ्या नावावर मांडत होतो. मी किती दिली, माझी कमी दिसली, माझा खुलासा. डेअरीवाला दूध किती घातलं ते लिहितो, पण गाय कोणाची हे कार्डावर वर लिहिलेलं असतं. माझ्या कार्डावर वर माझंच नाव होतं.

पोरगा सगळं ऐकत होता. त्याने चित्रांच्या तक्त्यावर डोळे फिरवले आणि घड्याळाच्या चित्रावर थांबवले. मी म्हटलं, “काय, तू पण?” तो हसला. त्याचं हसू सबंध अंगाने येतं, त्यामुळे ते लपत नाही.

मग मी राहून गेलेला खुलासा लिहिला. पहिल्या चुकीचं कारण : दशांश. दुसऱ्या चुकीचं कारण : दशांशाची भीती. आणि शेवटी, मागितलेलं नसताना, एक ओळ घातली की एका गृहाधारित विद्यार्थ्याचे तीन तास देणे बाकी असून ते रविवारी चुकते करण्यात येतील. मॅडमचा फोन आला. “सर, बाकीसाठी रकाना नाही.” मी म्हटलं, माहीत आहे, कालनिर्णयात आहे.

आतापर्यंत तीन रविवार गेलो. आजीने मोकळ्या मंगळवारांवर तीन रेघा मारल्या, आडव्या, उसनवारी फेडल्याच्या. चौथ्या रविवारी वस्तीजवळ बिबट्या दिसला म्हणून फोन आला, येऊ नका. तेव्हा अजून एक पाऊण बाकी आहे.

स्टॉपवॉच आता घड्याळवाल्या पोराच्या मालकीचं आहे. तो त्यावर खिचडीची रांग मोजतो.

तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, पावकी-पाऊणकीचे पाढे असलेली जुनी अंकलिपी पडलेली असेल तर ती रद्दीत घालू नका, एवढी विनंती. पानं सुटी असली तरी चालतील. पाऊणकीचं पान शाबूत असलं म्हणजे झालं. पोरांसाठी नकोय, माझ्यासाठी हवंय. शक्यतो आजच, पाच वाजेपर्यंत.